चौमासा अजून संपलेला नाही



अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणी झाली, गल्लीतले गणपती पाण्यात गेले, की आपल्या घरांत एक काम ठरल्यासारखं सुरू होतं. छत्र्या पुसून माळ्यावर जातात. गोधड्या गच्चीवर उन्हात पडतात. पावसाळ्यात दमट झालेलं धान्य चाळून खाली कोठीच्या खोलीत परत लागतं. कुणी विचारलं तर आपण सांगतो, "गेला आता पाऊस. दिवाळीची तयारी करायची."

माझ्या सासूबाई मात्र छत्री काढू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "महाराजांचा चौमासा उठला का? नाही ना? मग तुझा कसा उठला?" तेव्हा मला ते त्यांचं नेहमीचं बोलणं वाटायचं. आता त्यांच्या वयाला आल्यावर थोडा इतिहास वाचला, एक मोठी चूक स्वतःच्या हातून झाली, आणि त्या बोलण्यात किती शहाणपण होतं ते कळलं. आजचा लेख त्याच्यावरच आहे. पाऊस गेला असं माणसाला वाटतं, नेमका तेव्हाच तो कसा परत येतो, आणि येणार हे कळल्यावर आपण काय करायचं, याच्यावर.

सुरुवात गिरनारपासून करते, कारण तिथं आपण बहुतेक जणी जाऊन आलो आहोत.

नेमिनाथ भगवंतांच्या निर्वाणभूमीला जायचं म्हणून आपण पहाटे अंधारातच पायऱ्यांकडे निघतो. डोळ्यांसमोर फक्त टोंक असते. पण जुनागढ गावातून पायथ्याकडे जाताना वाटेवर एक मोठा खडक आहे, त्याच्यावर छप्पर बांधलं आहे. आमची बस दोन वेळा त्याच्यावरून पुढे गेली आणि आम्ही आत डोकावलोसुद्धा नाही. त्या एका खडकावर तीन राजवटींचे लेख आहेत. सम्राट अशोकाच्या आज्ञा आहेत, क्षत्रप राजा रुद्रदामन याचा लेख आहे, आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा लेख आहे. यातले पुढचे दोन लेख चक्क पुराबद्दल आहेत.

त्या भागात सुदर्शन नावाचा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या वेळी त्याचा सौराष्ट्रातला अधिकारी वैश्य पुष्यगुप्त यानं तो बांधवला. हा तोच चंद्रगुप्त, ज्याला आपली परंपरा भद्रबाहु स्वामींचा शिष्य मानते आणि ज्याच्या नावाचा डोंगर आपण श्रवणबेळगोळला पाहतो. पुढे अशोकाच्या काळात तुषास्फ नावाच्या अधिकाऱ्यानं तलावाला पाट काढले. शेतीला पाणी मिळू लागलं. सुमारे साडेचारशे वर्षं तलाव टिकला.

मग शक वर्ष ७२, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला प्रचंड वादळ आणि पाऊस झाला. ऊर्जयंत पर्वतावरून, म्हणजे आपल्या निर्वाणकांडातल्या त्याच ऊर्जयंतावरून, सुवर्णसिकता आणि पलाशिनी या नद्या फुगून खाली आल्या. वाऱ्यानं झाडं, बुरूज, दरवाजे पाडले. बांधाला भगदाड पडलं. लेखात त्याचं मापसुद्धा दिलं आहे, ४२० हात लांब, तितकंच रुंद आणि ७५ हात खोल. सगळं पाणी वाहून गेलं आणि तलावाच्या जागी कोरडं वाळवंट उरलं. राजाच्या मंत्र्यांनी सांगितलं, एवढं मोठं भगदाड, हे काम होणार नाही. लोकांनी आशा सोडली, आकांत झाला. तेव्हा सुविशाख नावाच्या अमात्यानं ते काम पुरं केलं. रुद्रदामन अभिमानानं सांगतो, की यासाठी मी प्रजेवर कर बसवला नाही, वेठबिगार घेतली नाही, खर्च माझ्या खजिन्यातून केला.

महिना पुन्हा वाचा. मार्गशीर्ष. आषाढ नाही, श्रावण नाही. त्या काळच्या माणसानंही छत्री माळ्यावर टाकली असणार.

पुढे तीनशे वर्षांनी तोच बांध पुन्हा फुटला. स्कंदगुप्ताच्या काळच्या लेखात इसवी सन ४५५-५६ च्या सुमाराची ती नोंद आहे. भाद्रपद महिना, आणि वेळ रात्रीची. या वेळी चक्रपालित नावाच्या अधिकाऱ्यानं बांध पुन्हा उभा केला.

आता गिरनारवरून आपल्या सोलापूर जिल्ह्यात येते.

आपल्या अकलूजला औरंगजेबाच्या काळात असदनगर असं नाव दिलं होतं, हे तुम्ही ऐकलं असेल. १६८९ च्या सुरुवातीला त्याची छावणी इथंच होती. त्यानंतरची कितीतरी वर्षं तो याच मुलखात, भीमा, माण, कृष्णा यांच्या काठांवर फिरत राहिला. १७०० साली परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, घेऊन तो भर पावसात निघाला. फुगलेल्या नद्या ओलांडताना फौजेचे, जनावरांचे अतोनात हाल झाले. ऑगस्टच्या अखेरीला त्यानं माण नदीवर खवासपूरला तळ दिला. हे खवासपूर सांगोला तालुक्यात आहे, आपल्यापासून फार लांब नाही.

माण नदी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वर्षातले बहुतेक महिने तिच्यात वाळूच असते. फौजेनंही तेच पाहिलं. दोन्ही काठांवर तंबू लागले आणि मधल्या कोरड्या पात्रातही लागले. जागा सपाट, वाळू स्वच्छ, पाणी जवळ. इथं पाऊस नव्हता. पण वर डोंगरात झाला. ऑक्टोबरच्या पहिल्याच रात्री, मध्यरात्रीच्या सुमाराला, पाण्याचा लोंढा आला आणि झोपेतल्या छावणीवरून गेला. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. गलका ऐकून बादशहाला वाटलं, मराठे छावणीत घुसले. तो घाईनं उठला, पाय घसरून पडला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. उरलेलं आयुष्य तो थोडा लंगडतच चालला. दरबारातल्या खुशमस्कऱ्यांनी त्यालाही चांगलं नाव दिलं. म्हणाले, हा तर तुमच्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा वारसा!

हिंदुस्थानचा बादशहा, जवळ एवढी फौज, एवढे हेर. मराठे कुठं आहेत याची खबर त्याला रोज यायची. पण वरच्या डोंगरात पाऊस पडतोय, ही खबर आणणारं कुणी नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्या कोरड्या मुलखाची हीच गोष्ट आहे. आपला पूर बहुतेक वेळा आपल्या पावसाचा नसतो, दुसरीकडच्या पावसाचा असतो. त्यामुळे आपल्या अंगणातलं आभाळ बघून काही कळत नाही. खबर बाहेरूनच यावी लागते.

ही खबर देण्याची व्यवस्था आपल्या देशात फार उशिरा आली, तीही मोठं नुकसान सोसून. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला चक्रीवादळ आलं, त्यात सुमारे साठ हजार माणसं गेली. पाठोपाठ दुष्काळ आले. तेव्हा सरकारला वाटलं, की हवेच्या नोंदी एका ठिकाणी यायला हव्यात. १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला जो 'सिमला ऑफिस चौक' आहे, त्याचं नाव यावरूनच पडलं. माझ्या माहेरच्या माणसांनी त्या चौकातून हजार वेळा रिक्षा नेली असेल, पण पुण्यात सिमला कुठून आला, हे कुणी विचारलं नव्हतं.

खात्याच्या नोंदींवरून जे कळतं ते आपल्या सासूबाईंच्या बोलण्याशी जुळतं. सोलापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस जून-जुलैमध्ये पडत नाही, सप्टेंबरमध्ये पडतो. जूनमध्ये येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत नुसता वारा येतो. परतीच्या दिवसांत मात्र पाऊस पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, आंध्रच्या किनाऱ्यावर चढतं आणि तेलंगण, उत्तर कर्नाटक करत आपल्याकडे सरकतं. पूर्वेकडून आलेल्या पावसाला सह्याद्री आडवा येत नाही. आपल्या आजीच्या वेळच्या बायकांना उपसागर माहीत नव्हता, पण नक्षत्र माहीत होतं. हस्ताचा पाऊस म्हणून भोंडल्याला पाटावर हत्ती काढायचा, तो उगीच नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. तोपर्यंत सगळं भरलेलं असतं. जमीन पिऊन तृप्त झालेली असते. ओढे वाहते असतात. धरणं काठोकाठ असतात. जूनमध्ये शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर रानं पिऊन टाकतात. ऑक्टोबरात तेवढाच पडला तर तो सरळ घरात येतो. भरलेल्या घागरीत एक तांब्या ओतून बघा.

मी बी. कॉम. झालेली बाई. आकडा दिसला की त्याचा हिशोब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. बातम्यांत सांगतात, "अमुक धरणातून एक लाख क्यूसेकनं विसर्ग." आपण ऐकतो आणि भाजी फोडणीला टाकतो. पण एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे २८ लिटरहून थोडं जास्त. दोन घागरी समजा. एक लाख क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. आपल्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा २,८०० टाक्या एका सेकंदात. धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक लाख क्यूसेकनं पाणी सोडलं तर एक टीएमसी व्हायला पावणेतीन तास लागतात. म्हणजे आपण दुपारी जेवून थोडं आडवं होतो आणि चहा टाकतो, तेवढ्यात.

पावसाचंही तसंच. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस म्हणतं. कोकणात अति जोरदार पाऊस म्हणजे जुलैतला एखादा दिवस. आपल्याकडे अति जोरदार म्हणजे वर्षाच्या पावसाचा पाचवा हिस्सा एका दिवसात. शब्द तोच, पण आपल्या घराला त्याचा अर्थ वेगळा.

आपल्या नीरेचं पाणीही समजून घ्यायला हवं. ती भोरच्या डोंगरात उगवते. वर भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणं, आणि त्यांच्या खाली वीर. भाटघरचं धरण १९२८ सालचं, नीरेच्या कालव्यांनी आपला माळशिरस तालुका हिरवा केला, माळीनगर, श्रीपूर, वालचंदनगर इथले साखर कारखाने त्याच पाण्याच्या भरवशावर उभे राहिले. आपल्या कितीतरी घरांची दुकानं त्या ऊसाच्या पैशावर चालली. ज्या नदीनं दिलं, तिच्या पुराचीही आपण माहिती ठेवायला हवी. वाटेत बारामतीकडून कऱ्हा येऊन नीरेला मिळते. अकलूजवरून पुढे नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. भीमेवर वर उजनी आहे. वीरचं पाणी आणि उजनीचं पाणी संगमाला एकत्र झालं, की पुढे पंढरपूरला काय होतं ते आपण जाणतो.

आता २०२० च्या ऑक्टोबरकडे येते. इथं मला स्वतःबद्दल सांगावं लागेल.

त्या वर्षी जूनच्या ३ तारखेला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं होतं. त्याचं नाव लहान पोरांनाही पाठ होतं. चार दिवस आधीपासून टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. ऑक्टोबरात जे आलं, त्याला मात्र नावच नव्हतं. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला, की मगच त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव मिळतं. हे त्याच्या एक पायरी खाली राहिलं. १३ ऑक्टोबरला आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं. त्या रात्री हैदराबादची दशा झाली. १४ तारखेला ते आपल्याकडे होतं.

१३ तारखेच्या दुपारी मी टीव्ही बघत होते. करोनाचे दिवस, घरात बसून दुसरं करणार काय. नकाशावर काकीनाड्याचा गोल दिसला, आणि बाण सोलापूरकडे. खाली पट्टी फिरत होती, सोलापूर, पुणे, सांगली, साताऱ्याला जोरदार पावसाचा इशारा. मी वाचली. मनात म्हटलं, काकीनाडा कुठं आणि अकलूज कुठं! तरी एक काम केलं. कोठीच्या खोलीतल्या ज्वारीच्या आणि गव्हाच्या गोण्या लाकडी फळीवर चढवून घेतल्या, पापड-कुरडयांचे डबे वर ठेवले, पोथ्यांचं कपाट तपासलं. हात झटकले आणि सूर्यास्ताच्या आत जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस काय पडला, तो तुम्हाला आठवत असेल. त्याच दिवशी पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. अक्कलकोटकडे बोरी नदीनं गावं बुडवली. आमच्या कोठीत पाणी आलं, घोट्याएवढं, आणि फळीखालून निघून गेलं. एक दाणा भिजला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी आल्या. ओढ्याच्या कडेला त्यांचं घर. रात्री पाणी शिरलं, तेव्हा नातवंडांना खांद्यावर घेऊन त्या बाहेर पडल्या. माणसं वाचली. पण शिलाई मशीन गेली, वर्षाची ज्वारी गेली, मुलीचं दहावीचं सर्टिफिकेट लगदा झालं. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का हो?"

त्या म्हणाल्या, "आम्हाला कोण सांगणार वहिनी?"

१३ तारखेला दुपारी त्या माझ्याकडेच होत्या. मी पट्टी वाचली तेव्हा त्या मोरीत भांडी घासत होत्या. गोण्या फळीवर चढवताना दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. आणि मी एका शब्दानं बोलले नाही, की मावशी, रात्री पाऊस येणार आहे, तुमचंही सामान उचलून ठेवा. मला वाईट करायचं नव्हतं. मनात आलंच नाही.

आपल्या श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत, त्यात एक प्रमादचर्या आहे. विनाकारण पाणी सांडणं, झाडं तोडणं, निष्काळजीपणानं वागणं. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेलं. मला वाटायचं, नळ उघडा टाकला की प्रमाद. त्या दिवशी कळलं, तोंड बंद ठेवणं हासुद्धा प्रमाद असतो. खबर माझ्याकडे आली होती. ती मी माझ्या कोठीपुरती वापरली.

औरंगजेबाकडे खबर नव्हती, म्हणून त्याची छावणी बुडाली. आपल्याकडे आता उपग्रह आहेत, फोन आहेत, पिवळा-नारिंगी-लाल इशारा आहे. आता खबर समुद्रावरून काकीनाड्याला पोचते, मुंबईला पोचते, आपल्या हातातल्या फोनपर्यंत पोचते, आणि तिथंच थांबते. शेवटची दोनशे पावलं ती जात नाही.

ती पावलं चालली की काय होतं, हे ओडिशानं दाखवलं आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात तिथं महाचक्रीवादळ आलं, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात 'फायलिन' आलं, तेही फार मोठं. पण त्या वेळी दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवलं होतं आणि मृत्यूंची संख्या पन्नासच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, आणि घरोघरी जाऊन सांगणारी माणसं तयार झाली.

आपल्या जिल्ह्याला तर गेल्या वर्षांत पुन्हा धडा मिळाला. २०२५ च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशी होऊन पंधरा दिवस उलटल्यावर, घटस्थापनेच्या सुमाराला सीना नदीनं माढा, करमाळा, मोहोळ भागातली गावं पाण्याखाली घातली. सीना! जिच्या काठच्या लोकांनी टँकरची वाट पाहिली, ती सीना.

म्हणून आता सासूबाईंचा नियम मी घरात लावला आहे. दिगंबर परंपरेत मुनी महाराजांचा वर्षायोग आषाढ शुद्ध चतुर्दशीला सुरू होतो आणि दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या वेळी पुरा होतो. आपल्या श्वेतांबर बहिणींकडे चौमासा कार्तिकी पौर्णिमेला उठतो. ज्यांनी हे ठरवलं, त्यांनी पाऊस डोळ्यांनी पाहिला होता. भाद्रपदात थोडं ऊन पडलं म्हणून त्यांनी विहार सुरू केला नाही. २०२० साली तर आश्विन अधिक आला होता, चौमासा पाच महिन्यांचा होता, आणि पाऊसही तसाच लांबला. जमिनीवर सूक्ष्म जीव आहेत, वाटा चिखलाच्या आहेत, पाऊल जपून टाकायचं. ईर्या समिती ही साधूंची, पण पावसाळ्याच्या शेवटी ती आपल्याही कामाची आहे.

तेव्हा इशारा आला की आमच्याकडे आता काय करतो, ते सांगते.

सगळं सूर्यास्ताच्या आत. आपण रात्रीभोजन करत नाही, तसंच हेही काम रात्रीवर ठेवायचं नाही. खवासपूरला पूर मध्यरात्री आला, सुदर्शनचा बांध रात्री फुटला, मावशींच्या घरात पाणी रात्रीच शिरलं. अंधारात माणसाला उचलून ठेवायचं सुचत नाही.

धान्य, पोथ्या, घराचे आणि बँकेचे कागद, मुलांची सर्टिफिकेटं जमिनीपासून वर. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून एकाच ठिकाणी. मंदिराच्या ग्रंथभांडाराचं खालचं कपाट कोण बघणार, हे आधी ठरवून ठेवायचं, कारण हस्तलिखित भिजलं की ते बाजारात पुन्हा मिळत नाही. औषधं, बॅटरी, चार्ज केलेला फोन एका पिशवीत. पाणी घरात शिरायला लागलं तर आधी विजेचं मेन बटन बंद. दारात गाय-म्हैस असेल तर तिला दावणीला बांधून ठेवायचं नाही. दावं सोडायचं, म्हणजे तिला पळता येईल. ही जीवदयाच आहे.

प्यायचं पाणी आधी भरून ठेवायचं. आणि एक सांगते, रागावू नका. पुरानंतरचं पाणी नुसतं गाळून चालत नाही. आपलं दुहेरी गाळणं पाण्यातले जीव वाचवायला आहे, ते रोगाचे जंतू अडवत नाही. गाळायचं, जिवाणी जिथल्या तिथं पोचवायची, आणि मग पाणी चांगलं उकळायचं. आपल्याकडे उकळलेलं प्रासुक पाणी काही नवीन नाही.

आणि शेवटचं, जे मी त्या दिवशी केलं नाही. तीन घरांना सांगायचं. भांड्याला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, शेतावरचा गडी, नदीकडेला राहणारं कुणीही. ज्याच्या हातात फोन आहे त्याला सांगून काय उपयोग, त्याला आधीच कळलेलं असतं. ज्याला कुणी सांगणार नाही, त्याला सांगायचं. नुसतं "पाऊस आहे" असं नाही. "वीरमधून पाणी सोडलंय, संध्याकाळच्या आत कागद आणि धान्य आमच्याकडे आणून ठेवा, पोरांना घेऊन इथंच झोपायला या," असं. पाऊस नाही आला तर काय होईल? सामान परत नेतील, आपल्याला हसतील. हसू द्या.

त्या वर्षी करोनामुळे मंदिरं बंद होती, ती पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. एरवी सकाळी अभिषेकाला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ऐकलं का, नीरेला पाणी वाढलंय." तो आपला जुना निरोप पोचवायचा रस्ता. तो पुन्हा वापरायला हवा. आमच्या महिला मंडळात आम्ही ठरवलं आहे, की दशलक्षणानंतर दिवाळीपर्यंत इशारा आला, की त्या दिवशी प्रत्येकीनं आपापली तीन घरं करायची.

पुढच्या वर्षी क्षमावाणीला मी घरी सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हटलं. मग मोरीत जाऊन मावशींना म्हटलं. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "अहो वहिनी, मला कशाला? तुम्ही काय केलंय?" मी सांगितलं. त्यांनी थोडा वेळ नळ बंद केला. मग म्हणाल्या, "आता सांगत जा."

तेव्हापासून सांगत आले आहे. छत्री अजून दाराशी आहे. दिवाळी झाली की बघू.